मेंदूच्या सर्जरीचा पाया घालणारा लंडनचा प्रोफेसर, जो मराठा पलटणींच्या रणांगणात उष्माघातानं गेला

पाचगणीहून पसरणी घाट उतरला की वाई, आणि वाईहून पुढं सातारा. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, पण त्याला नुसतं अपशिंगे कुणी म्हणत नाही. मिलिटरी अपशिंगे म्हणतात. जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावातले ४६ जवान कामी आले.

त्या युद्धात आपल्याकडची पोरं नेमकी लढली कुठं, असं विचारलं तर बरेच जण फ्रान्सचं नाव घेतात. पण मराठा पलटणींची खरी परीक्षा झाली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यातून भरती झालेल्या या पलटणी. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडायचे. टायग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादकडं निघालेल्या फौजेचं नावच होतं सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या.

याच टायग्रिसच्या काठावर अमारा नावाचं शहर आहे. तिथं १६ जुलै १९१६ या दिवशी एक इंग्रज डॉक्टर गेला. वय ५९. हुद्दा कर्नलचा. लंडनमध्ये मोठं घर, सर ही पदवी, रॉयल सोसायटीची फेलोशिप, सगळं मागं ठेवून हा माणूस स्वतःहून अर्ज करून तिथं आला होता. जगातल्या अगदी पहिल्या न्यूरोसर्जन्समध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

त्यांचं नाव सर व्हिक्टर हॉर्सली.

आज मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की आधी एमआरआय, मग सीटी स्कॅन, मग न्यूरो नेव्हिगेशन असं सगळं डोळ्यांसमोर येतं. हॉर्सली यांनी मेंदू उघडायला सुरुवात केली तेव्हा साधा एक्स-रेसुद्धा नव्हता. त्याचा शोध लागायला अजून ९ वर्षं होती. मग डोक्यात गाठ नेमकी कुठं आहे, कवटीला भोक कुठं पाडायचं, हे कळायचं कसं?

हॉर्सली यांचं सगळं करिअर या एका प्रश्नाभोवती फिरलं. पण आधी थोडं घराबद्दल.

व्हिक्टरचा जन्म १४ एप्रिल १८५७ चा. आपल्याकडं उठावाची ठिणगी पडत होती आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना होत होती, ते हे वर्ष. योगायोग असा की त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला मुलगी झाली, राजकन्या बीट्रिस. वडील जॉन कॉलकॉट हॉर्सली हे नावाजलेले चित्रकार. दरबारात ओळख होती, त्यामुळं या पोराचं नाव राणीच्या नावावरून व्हिक्टर अलेक्झांडर असं ठेवलं गेलं. वडिलांची आणखी एक ओळख म्हणजे १८४३ साली बाजारात आलेलं जगातलं पहिलं ख्रिसमस कार्ड त्यांनीच काढलेलं. आणि बोगदे, पूल, जहाजं बांधणारे प्रसिद्ध इंजिनिअर ब्रुनेल हे व्हिक्टरच्या आत्याचे नवरे. थोडक्यात घर कलाकारांचं, इंजिनिअर लोकांचं.

व्हिक्टर शिकला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलमध्ये हाऊस सर्जन म्हणून काम करताना त्याला एक भलताच नाद लागला. भूल दिल्यावर माणसाच्या मेंदूचं काय होतं, हे त्याला बघायचं होतं. पेशंटवर प्रयोग करता येत नाहीत. मग त्यानं स्वतःलाच भूल द्यायला सुरुवात केली. एकदा दोनदा नाही, पन्नासएक वेळा. बेशुद्ध होताना कुठली प्रतिक्रिया आधी जाते, गुडघ्याला मारलं की पाय उडतो तो कधी उडायचा थांबतो, याच्या नोंदी सहकारी ठेवायचे. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीनं हे ऐकलं तर त्याला आधी घरी पाठवलं असतं.

आता त्या काळात मेंदूबद्दल काय माहीत होतं ते बघू, कारण त्याशिवाय हॉर्सली यांनी काय केलं हे कळत नाही.

बराच काळ डॉक्टर लोकांचा समज असा होता की विचार करणारा मेंदूचा वरचा थर हा सगळीकडं सारखाच असतो. अमुक जागा हाताची, तमुक जागा पायाची असं काही नसतं. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका झटका दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. जागा बदलली की हालचाल बदलायची. इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियर यांनी माकडांवर हेच काम आणखी बारकाईनं केलं. तिकडं लंडनमधले ह्युलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर फिट येणाऱ्या पेशंटकडं तासन्‌तास बघत बसायचे. त्यांच्या लक्षात आलं की काही जणांची फिट अंगठ्यापासून सुरू होते, मग हात, मग खांदा, मग चेहरा अशी ठरलेल्या वाटेनं पसरत जाते. म्हणजे मेंदूत शेजारी शेजारी काय आहे, हे ती फिटच सांगत असते.

हे सगळं एकत्र ठेवलं की एक भन्नाट शक्यता तयार होते. पेशंटचा उजवा अंगठा आधी उडत असेल, तर डाव्या बाजूच्या मेंदूत अंगठ्याच्या जागेवर काहीतरी बिघडलंय. कवटी न उघडता पत्ता मिळाला.

पण पत्ता मिळणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. ग्लासगोमध्ये विल्यम मॅकेवन यांनी १८७९ साली अशी एक गाठ काढून दाखवली होती. लंडनमध्ये नोव्हेंबर १८८४ मध्ये रिकमन गॉडली यांनी मेंदूतली गाठ बाहेर काढली. गाठ अगदी सांगितलेल्या जागी सापडली, पण पेशंट महिन्याभरात जंतुसंसर्गानं गेला. ते ऑपरेशन बघायला जे लोक हजर होते त्यात २७ वर्षांचे हॉर्सलीही होते.

गॉडली पुन्हा त्या वाटेला फारसे गेले नाहीत. हॉर्सली गेले.

त्याच वर्षी हॉर्सली यांना ब्राऊन इन्स्टिट्यूशन या संस्थेचं प्रमुखपद मिळालं. एका बाजूला गरिबांच्या आजारी जनावरांचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा असा तो प्रकार होता. तिथं त्यांनी शेफर, बीव्हर अशा सहकाऱ्यांबरोबर माकडांच्या मेंदूचा नकाशा काढायला घेतला. मिलिमीटर मिलिमीटरनं. कुठल्या जागी झटका दिला की कुठलं बोट हलतं, कुठं ओठ, कुठं पायाचा अंगठा. हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि त्यात खूप प्राणी मेले, हे लपवण्यात अर्थ नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणाऱ्या लोकांच्या यादीत हॉर्सली यांचं नाव कायम वर असायचं. त्यांच्याविरुद्ध पत्रकं निघायची, सभा व्हायच्या. हॉर्सलीही गप्प बसणारे नव्हते, सभेत उभं राहून भांडायचे, पेपरात लिहायचे. त्यांचं म्हणणं एवढंच की माणसाच्या डोक्यात चाकू घालण्याआधी मला नकाशा हवा. त्या काळात दुसरा मार्ग होता का? मेंदूच्या बाबतीत तरी नव्हता. पण विरोध करणाऱ्यांमुळं प्रयोगांवर कायद्याचा वचक राहिला, हेही तितकंच खरं आहे.

१८८६ हे वर्ष मात्र हॉर्सली यांचं. वय २९. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये त्यांची सर्जन म्हणून नेमणूक झाली. लकवा आणि फिट यांच्या पेशंटसाठी असलेलं हे हॉस्पिटल. ह्युलिंग्ज जॅक्सन आणि फेरियर दोघंही तिथंच. म्हणजे पत्ता शोधणारे आणि दार उघडणारा एका छताखाली आले. आज प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन अशी जोडी असते, तिचं हे पहिलं रूप.

२५ मे १८८६ ला हॉर्सली यांनी तिथलं पहिलं मोठं ऑपरेशन केलं. पेशंट होता २२ वर्षांचा एक स्कॉटिश तरुण. लहानपणी घोडागाडीखाली येऊन त्याच्या कवटीला खोक पडली होती. तेव्हापासून फिट. शेवटी शेवटी तर काही दिवसांत हजारो झटके येत होते. हॉर्सली यांनी कवटी उघडली, जुन्या जखमेचा व्रण आणि त्याच्या भोवतीचा मेंदूचा थोडा भाग काढून टाकला. जॅक्सन आणि फेरियर शेजारी उभे राहून बघत होते. पेशंट वाचला. हाताला आलेली कमजोरी हळूहळू कमी झाली आणि फिट थांबल्या.

पहिल्या १० पेशंटपैकी हॉर्सली यांनी फक्त १ गमावला. डोकं उघडलं की माणूस मरणार, हे ज्या काळात धरूनच चालायचे, त्या काळातला हा आकडा आहे.

हे जमलं कसं? यात चमत्कार कमी आणि तयारी जास्त होती. आदल्या दिवशी डोक्याचे केस पूर्ण काढायचे, साबणानं डोकं धुवायचं, कवटीवर मापं घेऊन खुणा करायच्या, मग कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधून ठेवायची. भूल क्लोरोफॉर्मची, कारण त्यात रक्तस्राव कमी होतो हे त्यांनी प्रयोगांतून बघितलेलं. त्याआधी मॉर्फिनचं इंजेक्शन. आणि कातडी कापताना आधीचे सर्जन फुलीसारखा छेद घ्यायचे, हॉर्सली यांनी अर्धगोल छेद घेऊन कातडीचं झाकण उचलायला सुरुवात केली. त्यामुळं रक्तपुरवठा टिकतो, जखम नीट भरते.

तरी एक अडचण उरलीच होती. कवटीचं हाड कापलं की त्याच्या कडेतून रक्त झिरपत राहतं. शीर असेल तर बांधता येते, हाड कसं बांधणार? हॉर्सली यांनी मधमाश्यांचं मेण घेतलं, त्यात बदामाचं तेल आणि किंचित सॅलिसिलिक ॲसिड मिसळलं आणि तो गोळा हाडाच्या कडेवर दाबून चोपडला. रक्त थांबलं. १८९२ साली त्यांनी हे छापून जाहीर केलं. बोन वॅक्स नावाची ही गोष्ट आजही ऑपरेशन थिएटरात वापरतात. घटक थोडे बदलले, कल्पना तीच. कुणी पेटंट काढून गब्बर झाला असता.

पण हॉर्सली यांचं सगळ्यात गाजलेलं ऑपरेशन मेंदूचं नाहीच. ते पाठीच्या कण्याचं आहे.

कॅप्टन गिल्बी नावाचा एक लष्करी अधिकारी होता. पाठीत दोन खांद्यांच्या मधे कळ यायची, इतकी की जगणं नको व्हावं. तीन वर्षं डॉक्टर झाले, औषधं झाली. कुणी म्हणे वात, कुणी म्हणे मनाचे खेळ. हळूहळू दोन्ही पाय लुळे पडले. शेवटी तो विल्यम गॉवर्स या न्यूरोलॉजिस्टकडं आला. गॉवर्स यांनी कुठल्या भागाची संवेदना गेली, कुठल्या भागाची आहे, याचा हिशोब मांडला आणि सांगितलं की कण्याच्या आत गाठ आहे आणि ती मज्जारज्जूला दाबतेय. अशी गाठ तोवर कुणी काढून दाखवलेली नव्हती.

९ जून १८८७. हॉर्सली यांनी पाठ उघडली. मणक्याचं हाड काढलं. आत गाठ नाही.

इथं थांबून पाठ शिवून टाकणं सोपं होतं. निदान चुकलं म्हणून हात वर करता आले असते. पण हॉर्सली आणखी वर सरकले, वरचं हाड काढलं, आणि तिथं बदामाएवढी गाठ मज्जारज्जूवर बसलेली दिसली. ती काढली. वर्षभरात हा कॅप्टन चालायला लागला, दिवसाचे १६ तास काम करायला लागला. पुढं तो कित्येक वर्षं जगला.

कण्याच्या आतली गाठ निदान करून यशस्वीपणे काढल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. जगभरातल्या सर्जन लोकांना यातून एक गोष्ट कळली की हे करता येतं.

आता गंमत बघा. हे सगळं चालू असताना हॉर्सली दुसरीकडं थायरॉईडवर काम करत होते. गळ्यातली ही ग्रंथी कशासाठी असते हेच तेव्हा नीट माहीत नव्हतं. हॉर्सली यांनी माकडांची थायरॉईड काढून दाखवलं की त्यानंतर अंग सुजतं, प्राणी मंद होतो, थंडी सहन होत नाही. माणसांत दिसणाऱ्या मिक्सिडिमा नावाच्या आजारासारखंच. म्हणजे तो आजार थायरॉईड काम करत नाही म्हणून होतो. मग मेंढीची थायरॉईड पेशंटच्या शरीरात बसवून बघा, असं त्यांनी सुचवलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं १८९१ साली एक पाऊल पुढं टाकलं. मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून त्याचं इंजेक्शन दिलं. ती बाई बरी झाली आणि पुढं २८ वर्षं जगली. आज तुमच्या घरात कुणीतरी सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेत असेलच. ती वाट इथून निघते.

आणि रेबीज. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या मुलाला लस दिली, तेव्हा इंग्लंडमध्ये बऱ्याच जणांचा विश्वास बसत नव्हता. सरकारनं १८८६ साली एक समिती नेमली आणि सेक्रेटरी केलं हॉर्सली यांना. हॉर्सली पॅरिसला गेले, पाश्चरचं काम बघितलं, लंडनला येऊन तेच प्रयोग स्वतः करून पाहिले आणि लस काम करते असा निर्वाळा दिला. पण त्यांचं त्याहून महत्त्वाचं म्हणणं वेगळं होतं. लस चावल्यानंतरची गोष्ट आहे. कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधा आणि बाहेरून येणारे कुत्रे वेगळे ठेवा, रोगच संपेल. यावर कुत्रेप्रेमी असे काही भडकले की विचारू नका. तरी सरकारनं टप्प्याटप्प्यानं नियम लावले आणि १९०२ पर्यंत ब्रिटन रेबीजमुक्त झालं. भटक्या कुत्र्यांवरून आपल्याकडं आज ज्या चर्चा झडतात, त्यातले निम्मे मुद्दे सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये भांडून झालेले आहेत.

१८८६ मध्येच ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढं युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आधी पॅथॉलॉजीचे आणि नंतर क्लिनिकल सर्जरीचे प्राध्यापक. सकाळी लॅब, मग हॉस्पिटल, मग खासगी पेशंट, रात्री पेपर लिहिणं. १९०२ साली सर झाले.

सगळ्यांनाच ते भारी वाटले असं मात्र नाही. १९०० साली अमेरिकेतून एक तरुण सर्जन त्यांच्याकडं शिकायला आला. नाव हार्वी कुशिंग. हाच माणूस पुढं आधुनिक न्यूरोसर्जरीचा जनक म्हणून ओळखला गेला. त्यानं बघितलं की हॉर्सली नाश्त्याच्या टेबलावर पत्रं सांगतायत, मग घाईनं गाडीत बसून एका श्रीमंत पेशंटच्या घरी जातायत, तिथंच ऑपरेशन उरकून पुढच्या कामाला निघतायत. कुशिंग वैतागला आणि युरोपात दुसरीकडं निघून गेला. त्याची स्वतःची पद्धत अगदी उलटी होती, संथ, तासन्‌तास चालणारी, एकेक थेंब रक्त वाचवणारी. पुढं जगानं कुशिंगची पद्धत घेतली आणि ते बरोबरच झालं. हॉर्सली यांचा वेग हा भूल आणि रक्त दोन्ही भरवशाचे नसलेल्या काळातला वेग होता.

तरी हॉर्सली यांची एक कल्पना कुशिंगच्याही पुढं गेली. रॉबर्ट क्लार्क हे त्यांचे सहकारी. मेंदूच्या वरच्या थराचा नकाशा तर झाला, पण खोल आतल्या भागापर्यंत पोचायचं कसं, तेही वरचं काही न बिघडवता? क्लार्क यांनी सुचवलं की शाळेतल्या भूमितीसारखं करू. कानाची भोकं आणि डोळ्यांच्या खोबण्या हे स्थिर बिंदू धरायचे, त्यांच्यावर पितळेची चौकट घट्ट बसवायची, आणि मेंदूतल्या कुठल्याही जागेला लांबी, रुंदी, खोली असे तीन आकडे द्यायचे. मग सुई त्या आकड्यांवर लावली की बरोबर तिथंच जाणार. १९०८ साली दोघांनी हे सविस्तर छापलं. तेव्हा ही चौकट फक्त प्राण्यांच्या प्रयोगासाठी होती. माणसांवर हे तंत्र वापरायला १९४७ साल उजाडलं. आज पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवतात, तेव्हा डोक्याला जी फ्रेम लावतात तिची आजी म्हणजे ही पितळी चौकट.

एवढं सगळं करून कुणीही निवांत बसलं असतं. हॉर्सली यांना ते जमायचंच नाही. दिसलं की बोलायचं, हा स्वभाव. स्त्रियांना मताधिकार हवा म्हणून ते उघडपणे उभे राहिले. तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांना नळीनं जबरदस्तीनं खायला घालायचे, त्याविरुद्ध १९१२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर वैद्यकीय अहवाल छापला. सरकारनं गरीब कामगारांसाठी आरोग्य विम्याचा कायदा आणला तेव्हा बहुतेक डॉक्टर संघटना विरोधात होत्या, हॉर्सली बाजूनं. डॉक्टरांच्याच सभांमध्ये त्यांच्याविरुद्ध आरडाओरडा व्हायचा. निवडणुकीला उभे राहिले, संसदेत काही पोचले नाहीत.

आणि दारू. दारूच्या ते कट्टर विरोधात. १९०७ साली त्यांनी मेरी स्टर्ज या डॉक्टरबरोबर दारूचा शरीरावर काय परिणाम होतो यावर पुस्तकच लिहिलं. सैनिकांना रोज रम वाटायची पद्धत होती, ती बंद करा म्हणून लष्कराच्या मागं लागले. साहजिकच लष्करात ते फार लाडके नव्हते.

१९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा हॉर्सली ५७ वर्षांचे. डोक्यात गोळी लागली की नेमकं काय होतं, यावर त्यांनी १८९० च्या दशकातच प्रयोग केले होते. गोळी लागल्यावर बऱ्याचदा आधी श्वास थांबतो आणि त्या क्षणी कृत्रिम श्वास दिला तर माणूस वाचू शकतो, हे त्यांनी तेव्हाच मांडलेलं. आता हे ज्ञान खरंच लागणार होतं. १९१५ मध्ये ते इजिप्तला अलेक्झांड्रियाच्या लष्करी हॉस्पिटलात गेले. गॅलिपोलीहून जखमींचे लोंढे तिथं येत होते. लवकरच त्या सगळ्या फौजेचे ते कन्सल्टिंग सर्जन झाले.

तोवर मेसोपोटेमियातून भयानक बातम्या येऊ लागल्या होत्या.

नोव्हेंबर १९१५ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या जवळ टेसिफॉनपर्यंत पोचली आणि तिथं अडली. चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना न्यायला पुरेशा ॲम्ब्युलन्स गाड्या नाहीत, पुरेशा बोटी नाहीत, पट्ट्या नाहीत. स्प्रिंग नसलेल्या बैलगाड्यांतून, खेचरांच्या गाड्यांतून तुटलेल्या पायांची माणसं मैलोनमैल नदीपर्यंत आणली. तिथून बोटींच्या उघड्या डेकवर एकमेकांना चिकटून टाकली. दिवसचे दिवस ती तशीच, स्वतःच्या घाणीत. बसऱ्याला अशी एक बोट आली तेव्हा कार्टर नावाच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यानं जे बघितलं ते लिहून वर पाठवलं. वरिष्ठांनी चौकशी करायची सोडून त्यालाच दम भरला.

मागं हटलेली डिव्हिजन कुत-अल-अमारा इथं वेढ्यात अडकली. पाच महिने. खायला घोडे उरले. धर्माच्या कारणानं ते मांस कितीतरी भारतीय जवानांना चालेना, त्यामुळं ते आणखी खंगले. २९ एप्रिल १९१६ ला साधारण १३ हजार लोकांनी शरणागती पत्करली. पुढं कैदेत त्यातले हजारो गेले. मराठा पलटणींतली कितीतरी घरं इथंच उजाड झाली.

हॉर्सली यांनी या आघाडीवर जायचं स्वतःहून मागितलं. गरज नव्हती. वय झालेलं, नाव झालेलं. जिथं सगळ्यात जास्त हाल आहेत तिथं जायचं, इतका साधा हिशोब त्यांनी केला असावा. तिथं पोचल्यावर त्यांनी ऑपरेशनं केलीच, पण त्याहून जास्त वेळ भांडण्यात गेला. बर्फ नाही, ताजं अन्न नाही, वाहतूक नाही, मग सर्जन काय करणार? त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली. हे हाल शत्रूमुळं होत नाहीत, फायली दाबून बसलेल्या अधिकाऱ्यांमुळं होतायत, हा त्यांचा रोख होता. या मोहिमेचा कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या हातात होता. माणसं, औषधं, बोटी, बरंचसं मुंबईहून जायचं आणि जखमी मुंबईला यायचे. आज आपण जे वस्तुसंग्रहालय बघायला जातो, त्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या इमारतीत तेव्हा जखमींसाठी हॉस्पिटल सुरू केलं होतं.

जुलैत इराकमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो. तंबूत राहायचं, सावली नाही. दारू न पिणाऱ्याला उष्माघाताचा धोका कमी, असं हॉर्सली मानायचे. तसा तो कमी असतोही, पण ५९ वर्षांच्या माणसानं त्या उन्हात स्वतःला जपायचं असतं आणि ते त्यांना कधीच जमलं नव्हतं. ताप चढत गेला आणि अमारामध्येच १६ जुलैला ते गेले.

ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारला या सगळ्याची चौकशी करायला मेसोपोटेमिया कमिशन नेमावं लागलं. १९१७ च्या जूनमध्ये अहवाल आला. जखमींच्या हालांबद्दल कार्टर आणि हॉर्सली यांच्यासारखे लोक जे ओरडून सांगत होते, ते त्यात छापून आलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. हॉर्सली यांना जाऊन तेव्हा एक वर्ष होत आलं होतं.

अमाराच्या युद्ध स्मशानभूमीत त्यांना पुरलं. तिथल्या मातीत क्षार इतके की थडग्यांचे दगड झिजायला लागले, म्हणून १९३३ साली सगळे दगड काढून एका भिंतीवर नावं कोरली. चार हजारांवर माणसं तिथं पुरलेली आहेत आणि त्यातलं एक नाव हॉर्सली यांचं.

त्याच शहरात, टायग्रिसच्या डाव्या काठावर, दुसरी एक स्मशानभूमी आहे. ती फक्त भारतीय जवानांची. तिथं सुमारे ५ हजार जण आहेत. दफन करताना लष्करानं नीट नोंदी ठेवल्या नाहीत, त्यामुळं त्या ५ हजारांपैकी नावानिशी ओळख पटलेले जवान आहेत फक्त ९.